गुलालाखालचा पाय

बैलगाडा शर्यत जिंकून आलेला हरण्या गोठ्यात तीन पायांवर उभा होता. चौथा सुजून टम्म झाला होता. महिन्यापूर्वी त्याच पायाचे केस भादरून मी सुई घातली होती. आता तिथेही गुलाल होता.

“वर्षभर पळवू नका म्हणून बजावलं होतं ना?” मी मालकावर ओरडले. “त्याच्याच हाडातल्या स्टेम सेल, म्हणजे नवी शीर घडवणाऱ्या मूळ पेशी, काढून स्नायू हाडाला बांधणाऱ्या फाटलेल्या शिरेत सोडल्या होत्या. शीर सांधायला वेळ लागतो, आबा!”

“पण लंगडायचा थांबला हुता की, डॉक्टर मॅडम!” फेटा सावरत आबा हसले. “बरा झाला म्हणून जुंपला. परत सोडा की तेच. हाड हाय की त्याचं.”

“तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा महिने खाट सोडली नव्हतीत! आता शीर पार तुटलीय. हा पुन्हा कधीच पळणार नाही.”



तेवढ्यात आबांची बायको, काकू, विजेत्यांना ओवाळायला आरतीचं ताट घेऊन आल्या. दारातच त्यांनी सगळं ऐकलं होतं. सवयीने आबांनी कपाळ पुढे केलं. त्यांना वळसा घालून काकूंनी हरण्याला कुंकू लावलं.

“सुटलास रं बाबा एकदाचा!”

आबांचं कपाळ तसंच पुढे राहिलं.