आज किती तारीख?

२०२३च्या जूनमधली गोष्ट. लेकीच्या कोर्ट मॅरेजवर महिनाभर रुसलेले गोवर्धनराव अखेर साक्षीदाराची सही करायला स्कूटरवर अकोल्याला निघाले; बायको माणिकबाई मागे बसल्या. पार्किंगच्या पाटीवर होतं: सम तारखेला डावीकडे, विषमला उजवीकडे. “काय व, आज किती तारीख?” “एकादशी,” त्या सवयीनं बोलल्या. अकरा विषम, म्हणून स्कूटर उजवीकडे लावली. तारीख चौदा होती. पेढे घेऊन येईतो पोलिसांनी स्कूटर उचलली, सहीला लागणाऱ्या डिक्कीतल्या आधारकार्डासकट. “मंग बाजूची जीप काहून सोडली?” “तिले उचलाले मोठी गाडी नाही, बाबाजी,” हवालदार हसला. स्कूटर सुटेपर्यंत कचेरी बंद झाली. बापाऐवजी झेरॉक्सवाल्यानं सही केली होती. गोवर्धनराव पुढच्याच वर्षी गेले. लेक पुण्यात सुखात आहे. “बाबा निघाले तर होते,” म्हणते. माणिकबाईंना मात्र तिच्या लग्नाच्या दाखल्यावरचं परकं नाव अजून वाचवत नाही.