आधी कॉल साइन

लायमनने हातोडी घालून बायकोचा, वर्नाचा, जबडा फोडला, तिच्या फोनचा चुराडा केला आणि दोर आणायला तो गॅरेजमध्ये गेला. ती सरपटत त्याच्या हॅम रेडिओपाशी, हौशी लोकांच्या परवान्याच्या बिनतारी संचापाशी, पोचली आणि तिने माइकचं बटण दाबून धरलं. तोंडून शब्द फुटेना, नुसतं कण्हणं. पण फुकट मिळणाऱ्या टेलिफोन सॉफ्टवेअरने इंटरनेटवरून मिसूरीतल्या चाळीस गावांचे रेडिओ मनोरे एकमेकांना जोडलेले होते. साऱ्या गावांनी ते ऐकलं.

"बाई, कुठल्या गावाहून बोलताय?" या रेडिओवर रविवारच्या गप्पा चालवणारा ऑर्वल काकुळतीने विचारत होता. "सगळे गप्प बसा रे! देवा, चाळीस गावांत हिला शोधू कुठे?"

लायमन परत आला. तिच्या मनगटावर बूट रोवून त्याने माइक हिसकावला. "बोल की आता! एरवी तोंड मिटत नाही तुझं." मग बटण दाबून, तोंड उघडण्याआधी सरकारने दिलेलं आपलं कॉल साइन, म्हणजे परवान्याचं ओळखचिन्ह, सांगायचं, ही तीस वर्षांची शिस्त त्याने आजही पाळली. साळसूदपणे म्हणाला, "ऑर्वलभाऊ, कुणीतरी टवाळ बाई चेष्टा करतेय. नका मनावर घेऊ."

त्याच्या आवाजामागून वर्ना उरलासुरला जीव गोळा करून किंचाळली.



"बरं झालं सांगितलंस, लायमन, बोलत राहा तू," ऑर्वल म्हणाला आणि माइकचं बटण सोडून, सरकारी यादीत त्या कॉल साइनपुढे छापलेला घराचा पत्ता फोनवर शेरीफला वाचून दाखवू लागला.