बुवांच्या ओळीपुरती जागा
या मायबापहो, जवळ बसा, एक गोष्ट ऐका. तिवस्याचे कीर्तनकार वामनबुवा वारले, पण दर पुण्यतिथीला त्यांच्या फोनवर त्यांचंच कीर्तन लागे आणि मंडळी टाळ धरून त्यांच्या प्रत्येक ओळीमागे ध्रुपद म्हणत. यंदा आवाज निघेना. त्यांच्या पत्नी माणिकबाई फोन घेऊन शहरात, राजापेठेत साजिदच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. साजिद म्हणाला, “काकू, या फोनच्या कंपनीनं आपली सिस्टीम सोडून दुसऱ्याची धरली. जुन्या फोनवाल्यांचं ऑनलाइन ठेवलेलं सारं पुसलं. कीर्तनबी गेलं. पुसण्याआधी इंग्रजीत मेसेज आले असतील.” आले होते. देवघरात मेसेजनं फोन वाजला की बुवांनी हाक दिली समजून त्या फोनला कुंकू लावत. “देह यमानं नेला रे,” त्या म्हणाल्या, “आवाज तुह्या कंपनीनं!” संध्याकाळी मंडळी मुक्या फोनपुढे बसली. बुवांच्या ओळीपुरती गप्प राहून ध्रुपद म्हणाली. कंपनी विसरली. मायबापहो, तुम्ही तरी वामनबुवांना आठवत राहा.