बिनठिपक्याचा ऐन

“हिचीच सावली पडली!” श्रावणनं ठिपक्यांनी भरलेलं पान वहिनीच्या तोंडासमोर नाचवलं. “बाईनं रानात पाय ठेवला म्हनूनच हे चट्टे आले. नाहीतर पानाले कायले रोग येते?”

त्याची वहिनी जनाबाई कुंपणाबाहेर उभी होती. एकोडीच्या तलावामागच्या या रानात तिच्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळत आली. अळ्या झाडावर असेपर्यंत बाईनं आत शिरायचं नाही, हा नेम. नेम मोडला तर त्या घराचा झाडांचा वाटा जातो. रेशीम मात्र बायकांनीच नेसायचं!

जनाबाईचा नवरा हेमराज दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या वाट्याची झाडंही तेव्हापासून धाकटा श्रावणच राखत होता. यंदा पानोपानी तपकिरी ठिपके पडले, पानं गळाली, अळ्या उपाशी मेल्या. श्रावणला वाईट वाटलं, पण आयती संधीही सापडली.

“सेवकरामजी, तुमीच निवाडा करा. हिचा वाटा मले द्या.”

सेवकराम रानातला सगळ्यात जुना माणूस. त्याचा शब्द शेवटचा. तो काही बोलायच्या आत श्रावणनं त्याला हाताला धरून कुंपणालगतच्या एका ऐनापाशी नेलं. झाड हिरवंगार होतं. बोटभर अळ्या पानं कुरतडत होत्या. बाकीच्या झाडांखाली दोन वर्षांचा पाला कुजत पडलेला, इथली जमीन मात्र अंगणासारखी स्वच्छ.

“हे पाहा! इथं बाईचा पाय नाही लागला. एक ठिपका दाखवा!”

“खरं हाय,” सेवकराम म्हणाला. “जनाबाई, तुले काही म्हनाचं हाय?”

जनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती कुंपण ओलांडून सरळ आत आली. श्रावण अंगावर धावला, सेवकरामनं त्याला अडवलं. तिनं त्याच झाडाच्या बेचक्यात हात घातला आणि झिजलेला खराटा बाहेर ओढला.

“तुमचे भाऊ ठिपक्याचा पाला रोज झाडून जाळत होते, भाऊजी. तुमी तसाच कुजू देला, त्यातूनच रोग वर चढला. तुमी दुपारी जेवाले गेले का मी येऊन राहिली. पाला पदरात बांधून नेला, चुलीत जाळला. आतल्या झाडाईपर्यंत जाची छाती नाही झाली. माहा पाय लागला तो याच एका झाडाखाली.”