फोटोत न हसलेली नवरी

गृहसौख्य खात्याच्या बाईने गिरजाबाईंच्या लग्नाचा फोटो यंत्रासमोर धरला आणि मान हलवली. "अकरा फोटो तपासले, आजी. एकातही तुम्ही हसत नाही. यंत्र म्हणतंय, तुम्ही बावन्न वर्षं नवऱ्याच्या धाकात आहात. आजोबांना आजच केंद्रात हलवावं लागेल."

"धाकात? मी?" गिरजाबाई कडाडल्या. "अगं, कोण कुणाच्या धाकात आहे ते ह्यांनाच विचार की! आमच्या वेळी फोटोत हसायचं कोण? नवरीचे दात दिसले तर सासू निर्लज्ज म्हणायची. फोटोवाला म्हणाला श्वास धरा, आम्ही धरला. एवढं शहाणं तुझं यंत्र, त्याला हे कुणी सांगितलं नाही होय?"

गिरजाबाईंचे यजमान चन्नाप्पा खाटेवर उठून बसले होते. एक चप्पल पायात होती, दुसरी सापडत नव्हती. अंगणात खात्याची गाडी उभी होती.

"मग आता हसून दाखवा," बाई मऊ आवाजात म्हणाली. "एकदा खरं हसू दिसलं की केंद्रात न्यायच्या यादीतून आजोबांचं नाव काढते."

गिरजाबाईंनी पदर सारखा केला. ह्या माणसाने आयुष्यभर हसवून हसवून त्यांचं पोट दुखवलं होतं. त्यातलं एखादं तरी आठवावं म्हणून त्या धडपडल्या. तेवढ्यात गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यांचे ओठ लटलट कापायला लागले. यंत्रावर लाल दिवा लागला.

"भीती," बाईने वाचलं आणि मायेने त्यांचा हात थोपटला. "घाबरू नका, आजी. आता ते तुम्हाला पुन्हा कधीच दिसणार नाहीत."