मुजफ्फर सरांचं लेक्चर

"ऊठ. मोबाईल दे इकडं," मुजफ्फर सर म्हणाले.

पुजा दुसऱ्या बाकावरून उठली. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. सरांनी मागच्या बाकाची नुकतीच केलेली खरडपट्टीही त्यात गेली होती.

"कुणाला विचारून करून राहिली हे?"

"माझ्या बाला पाहिजे असतंय, सर."

"तुझ्या बाला? माझं अर्थशास्त्र?"

"व्हय. रोज नेलं तरच कालेजात धाडतो. न्हाई तर घरी बस म्हणतो."

सर चाटच पडले. हिंगोलीच्या या कॉलेजात त्यांनी निम्मी हयात अर्थशास्त्र शिकवलं, पण कुणी ते घरी नेल्याचं ऐकिवात नव्हतं. आवाज असा, की मागणी आणि पुरवठा सुरू झाला की कँटीनपर्यंत कळायचं. टेबलावर डस्टर आपटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. ते फोनवर बोलायला गच्चीवर गेले की कबुतरं उडून जातात, असं त्यांची बायको खुशनुमा आल्यागेल्याला हसत सांगायची.

पोरांचा ओढा शेजारच्या वर्गात, राज्यशास्त्राच्या बाबूसिंग सरांकडे. ते हळू बोलत, गोड बोलत. मुजफ्फर सरांना हे मनातून फार लागायचं.

तास सुटल्यावर त्यांनी पुजाला हळूच विचारलं, "बाबूसिंग सरांचं नाही नेत?" हळूच म्हणजे व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"एकदा नेलं होतं. बा म्हणला, हे काही कामाचं न्हाई. मुजफ्फर सरांचंच आण."

दुसऱ्या दिवसापासून पुजाचा मोबाईल थेट सरांच्या टेबलावर. सर त्याच्याकडे बघूनच शिकवायला लागले. अधूनमधून पुजा बाचा निरोप आणायची. सर पोरांवर खेकसतात तेवढं काढून टाकू नको. मधी लई वेळ गप बसले तर चालत न्हाई. डस्टर जरा जोरात आपटलं तर बरं होईल.

"याला म्हणतात गोडी," सर खुशनुमाला म्हणाले. "तांड्यावरचा माणूस, पण एक शब्द वाया जाऊ देत नाही."

मग एक दिवस पुजा रडवेलं तोंड करून आली.

"सर, पाहुणे बघायला येऊन राहिले. बा म्हणतो, मका निघेपर्यंत जा. मका निघाला की कालेज बस झालं."

"काहून? मी बोलतो त्यांच्याशी."

"कशाला तकलीफ, सर," पुजा घाईघाईनं म्हणाली. "फोनवरच बोला ना."

पण सरांनी मनावर घेतलं होतं. असा जाणकार माणूस आणि पोरीचं शिक्षण तोडतो म्हणजे काय. रविवारी दुपार कलल्यावर त्यांनी एक चांगली शाल घेतली आणि स्कूटरवरून पुसेगावजवळचा तांडा गाठला.

पुजाच्या आईनं, अनुसयाबाईनं, चहा दिला. त्या सरांकडे जरा टकामका बघत होत्या.

"आवाज वळखला मी," त्या म्हणाल्या. "लई गुण आला बघा तुमचा. आधी रात रात जागायचे हे. तुमचं लावल्यापासून गाढ झोपतेत."

सरांना हे थोडं खटकलं. पण त्यांच्या वर्गातली पोरंही झोपतच होती, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

पुजा त्यांना वावराकडे घेऊन निघाली. वाटेत शेजारच्या रतनसिंगचं वावर लागलं. त्यातला मका पार आडवा झाला होता. वाऱ्यानं पडला असेल, सरांना वाटलं. पुजा खाली मान घालून चालत होती.

दिवस मावळतीला आला होता. बांध ओलांडला आणि सर थबकले. समोरच्या उभ्या मक्यातून त्यांचाच आवाज येत होता. घटती उपयोगिता. मग डस्टर. मग मागच्या बाकाची खरडपट्टी. वावराच्या मधोमध एका उंच बांबूला भोंगा बांधला होता. राखण करता करताही माणूस शिकतोय. सरांचे डोळे भरून आले.

पुजाचा बा किसनसिंग बांधावरून धावतच आला आणि सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली.

"किसनसिंगभाऊ, एकच मागणं आहे. पोरीचं कॉलेज तोडू नका. एम.ए. करू द्या."

"एम.ए.लाबी तुमीच शिकवता का?"

"मीच शिकवतो."

"असंच जोरात?"

"याच्यापेक्षा जोरात."

किसनसिंग एकदम खूश झाला. "मंग धाडतो की. पाहुण्यांना आजच न्हाई म्हणून कळवतो. मका निघाला की उन्हाळी भुईमूग पेरायचाय, मला तर तुमी बारा महिने लागता. यंदा वावरात एक रानडुक्कर फिरकलं न्हाई, सर."

मग त्यानं शेजारच्या आडव्या मक्याकडे हात केला.

"रतनसिंगनं बाबूसिंग सरांचं लावलं व्हतं. डुकरं आयकत बसली."