पाचवी विद्यार्थिनी

"हंगेरीत आडनाव आधी लावतात का नंतर, कुणाला ठाऊक," म्हणत कॉलेजच्या ऑफिसात कारकून शेषेरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्रवेशाच्या यादीत दोन बोटांनी नाव टाइप केलं. कोवाच इलोना.

रुद्राणीबाई दाराकडं लक्ष ठेवून उभ्या होत्या.

शिलालेखवाचनाच्या विषयाला चार विद्यार्थी होते. पाच लागत. पंधरा फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता आकडा पाच नसला तर विषय बंद, आणि विषय बंद म्हणजे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या रुद्राणीबाई घरी. दगडावरची जुनी कन्नड वाचणाऱ्या बाईला लातुरात दुसरं काम कोण देणार?

कॉलेजचा हंगेरीतल्या एका विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार होता. तीन वर्षांत त्यातून फक्त भिंतीवरचं एक घड्याळ आलं होतं. ते अजून तिकडचीच वेळ दाखवायचं.

"हे बरं दिसतं का, काका?" बाईंनी विचारलं.

"लातूर जिल्हा आधी कागदावरच झाला, बाई," शेषेराव म्हणाले. "साहेब, कचेऱ्या, माणसं, समदं मागून आलं."

परदेशी विद्यार्थ्याला किमान चार विषय घ्यावे लागत. शेषेरावांनी ते पोटच्या पोरीसाठी निवडावेत तसे निवडले. शिलालेख, मराठीची तोंडओळख, योग आणि मध्ययुगीन इतिहास. तास एकमेकांवर येत नाहीत ना, हे वेळापत्रक उघडून पाहिलं. वसतिगृहात चौदा नंबरची खोली दिली. फोटोच्या चौकटीत 'मागाहून जोडू' असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवसापासून बाई पाच नावांची हजेरी भरू लागल्या.

महिन्याभरात गावाचे नळ पार कोरडे पडले. वसतिगृहात मुलींना दिवसाला दोन बादल्या मिळू लागल्या आणि भांडणं सुरू झाली. एक दिवस वॉर्डन शिवकांताबाई ऑफिसात आल्या आणि इतर मुलींबद्दल बोलून झाल्यावर म्हणाल्या, तुमची चौदा नंबरवाली तेवढी शहाणी, एका बादलीत भागवते. शेषेरावांनी मान हलवली. इलोनाच्या वाट्याची दुसरी बादली कोण नेतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पहिली कोण नेतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मराठीच्या निवृत्ती सरांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"हंगेरीवाली लई प्रगती करायली."

सरांच्या तासाला कुत्रंही बसत नसे, हे शेषेरावांना माहीत होतं. सगळी हजेरी सर घरूनच भरून आणत. चला, आणखी एक समजूतदार माणूस निघाला, एवढंच त्यांच्या मनात आलं.

ग्रंथालयातून एक कन्नड शब्दकोश इलोनाच्या नावावर गेला, तेव्हा ते काम बाईंचं असावं असं शेषेरावांना वाटलं. बाईंना ते शेषेरावांचं वाटलं. दोघांनी मनातल्या मनात एकमेकांचं कौतुक केलं आणि विषय काढला नाही.

एकदा मात्र बाई फळ्यावर अक्षरं काढत असताना मागच्या बाकावर पान उलटल्याचा आवाज आला. चौघंही पुढच्या बाकावर होते. पंख्याचा वारा, असं मनाशी म्हणून बाईंनी पुढचं अक्षर काढलं. सकाळपासून लाइट नव्हती. त्या दिवसापासून बाई वर्गात शिरल्या की पुढच्या बाकापलीकडं नजर जाऊ देत नसत.

पंधरा फेब्रुवारीला साडेचारला बाई ऑफिसात येऊन बसल्या. पाण्याचा तांब्या समोर होता, पण त्यांनी तोंडाला लावला नाही. शेषेरावांनी यादी उघडली.

शिलालेखवाचन : चार.

"चौघांतलं कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

शेषेरावांनी नावं मोजली. पुन्हा मोजली. चौघं जागच्या जागी होते. मग ते उठले आणि विषयबदलाच्या अर्जांचा ट्रे घेऊन आले. आत एकच अर्ज होता. त्यावर प्राचार्यांची सही, शिक्का, आणि कोपऱ्यात नीट चिकटवलेला एक फोटो. फोटोकडं त्यांनी पाहिलं आणि अर्ज तसाच बाईंच्या पुढं सरकवला.

नुकतीच मराठी शिकलेल्या हाताची अक्षरं होती ती, मोठी, रेघेवरून घसरणारी. 'विषय सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं : बाई फक्त चौघांनाच शिकवतात.